भूर्जाच्या पायाशी

या उन्हाळ्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, भोजपत्राचं झाड आपल्या लातुरात येईल का?" त्यांतल्या एकाने विचारायच्या आधीच रोप मागवून टाकलं होतं. फाल्गुनात पार्सल आलं. वीतभर उंची, पाच-सहा पानं. चैत्र सरायच्या आत ते वाळलं आणि तो कुंडी हातात घेऊनच माझ्या दारात उभा राहिला. मी बोटाने माती उकरून पाहिली. वरची दोन बोटं कोरडीठाक, खाली चिखल, आणि कुंडीच्या आतल्या काठाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. कुंडी कुठे होती विचारलं, तर गच्चीवर, पश्चिमेच्या कठड्याला लागून.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. येणार नाही. कुंडीत नाही, जमिनीत नाही, हिरव्या जाळीखालीही नाही. पण एकतीस वर्षं मी कृषी सहायक म्हणून रेणापूर, औसा, निलंगा या तालुक्यांत फिरलो. शेतकऱ्याला 'नाही' म्हणायचं तर बांधावर बसून 'का नाही' तेही सांगायचं, ही सवय अंगात मुरलेली आहे. आणि या झाडाचं 'का' मला माहीत आहे, कारण एक भूर्ज (भोजपत्राचं झाड याच कुळातलं) मी डोळ्यांसमोर मरताना पाहिला आणि एक स्वतःच्या हाताने लावला. दोन्ही सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये.

भूर्ज पहिल्यांदा पाहिला तो मात्र हिमालयात. २०११ साली आम्ही गावातले अकरा जण चारधामला गेलो होतो. गंगोत्रीहून चौघे गोमुखाच्या वाटेला लागलो. १४ किलोमीटरवर भोजबासा लागतं. नावातच भोज आहे, पण तिथे पोचल्यावर दिसले फक्त दगड, वारा आणि इकडेतिकडे थोडी वाकडी झाडं. बरोबरचा खेचरवाला म्हणाला की पूर्वी इथे भोजाचं रान होतं, यात्रेकरूंच्या चुलीत गेलं. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९९०च्या दशकात तिथे पुन्हा भोजाची रोपं लावायला सुरुवात केली. तारेच्या कुंपणाआड ती रोपं वाढवावी लागतात. एका झाडाच्या खोडावर मी तळहात ठेवला होता. साल पातळ, गुळगुळीत, आडव्या रेघांची, आणि कडेला कागदासारखी सुटलेली. जवळपास ३८०० मीटर उंची, ज्येष्ठाचा महिना, आणि माझ्या अंगावर दोन स्वेटर. हा भूर्ज राहतो तो साधारण ३००० मीटरच्या वर, जिथे झाडांची हद्द संपते तिथे. आपलं लातूर सहाशे-साडेसहाशे मीटरवर. मधल्या अंतरातच निम्मं उत्तर आलं.

आपल्याकडे हे नाव माहीत आहे ते तावीज आणि यंत्रांमुळे. पूजासाहित्याच्या दुकानात अजूनही सालीचा तुकडा मिळतो. पण या सालीवर आपल्या पूर्वजांनी त्याहून फार मोलाचं लिहून ठेवलेलं आहे. पेशावरजवळच्या बख्शाली गावात १८८१ साली शेत खणताना गणिताचं एक हस्तलिखित सापडलं. ते भूर्जाच्या सालीवर आहे आणि त्यात शून्यासाठी ठिपका वापरलेला आहे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आपला 'भूर्ज' आणि इंग्रजांचा 'बर्च' हे दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून निघालेले आहेत. माणसं पांगली, भाषा पांगल्या, झाडाचं नाव मात्र दोघांनी जपलं.

आता मिशिगनची गोष्ट.

लेक ग्रँड रॅपिड्स शहराजवळ राहते. २०२३च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो. तिने नुकतंच घर घेतलं होतं. त्या घराचा फोटो पाठवताना तिने खोल्या दाखवल्या नव्हत्या, आधी झाड दाखवलं होतं. "अण्णा, दारात पांढऱ्या खोडाचं झाड आहे, बघा." एका बुडातून निघालेली तीन खोडं, चुन्याने सारवल्यासारखी. तिकडे त्याला पेपर बर्च म्हणतात, कागदी भूर्ज. घराच्या नैर्ऋत्येला, हिरवळीच्या उंचवट्यावर. एका बाजूला गाडी आत आणायचा काँक्रीटचा रस्ता, दुसऱ्या बाजूला डांबरी सडक.

आम्ही पोचलो तेव्हा आळीतली सगळी झाडं पालवली होती. या झाडालाही खालच्या फांद्यांवर पोपटी पानं होती, पण शेंडा उघडा. जावईबापू म्हणाले, "थंडी जास्त पडली यंदा, उशिरा फुटेल." मी काही बोललो नाही, पण पहिल्याच दिवशी मनात खुटखुट सुरू झाली. आपल्याकडे सोयाबीनवर चक्रीभुंगा पडतो. मादी खोडावर दोन चक्रं पाडते, मध्ये अंडं घालते, आणि चक्राच्या वरचा भाग सुकत जातो. नवखा शेतकरी सुकलेला शेंडा घेऊन येतो आणि पानावर मारायचं औषध मागतो. त्याला सांगावं लागतं की दुखणं शेंड्यात नाही, खोडात आहे. वरचं वाळतंय म्हणजे मधे कुणीतरी पुरवठा तोडलाय.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी खोड न्याहाळायला बसलो. पांढऱ्या सालीखाली सापासारख्या वळवळत्या उंचवट्याच्या रेघा दिसत होत्या. दोन ठिकाणी तांबूस गंजासारखे ओघळ. आणि छातीच्या उंचीवर एक भोक, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. गोल नव्हतं. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, इंग्रजी 'डी' अक्षरासारखं. नात सईला बोलावलं. ती तेव्हा सहा वर्षांची. "आबा, अजून एक! इथे पण!" करत तिने अकरा भोकं मोजली.

लेकीने झाडांच्या डॉक्टरला बोलावलं. तिकडे असे शिकलेले, परवानाधारक लोक असतात. त्याने वरची एक मेलेली फांदी कापून सोलली. आत नागमोडी भुयारंच भुयारं, भुशाने ठासून भरलेली. ही कीड म्हणजे ब्राँझ बर्च बोरर. सेंटीमीटरभर लांबीचा काळपट-तांबूस भुंगा. मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला सालीच्या फटीत अंडी घालते, अळी सालीखाली शिरते आणि अन्नरस वाहणारा थर आडवातिडवा कापत जाते. भुंगा तयार झाला की बाहेर पडताना ते 'डी'सारखं भोक पाडतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा तो आपलं काम उरकून गेलेला असतो. शेंडा थोडाच गेला असेल तर खोडातून किंवा मुळांतून औषध देऊन झाड वाचवता येतं. इथे निम्म्याहून जास्त गेला होता.

मी लेकीला मधे घालून त्याला विचारलं की शेजारच्या ओढ्याकाठी हीच जात उभी आहे, तिला का नाही झालं? त्याने जे सांगितलं ते ऐकून मी बराच वेळ गप्प होतो, कारण जन्मभर मीही तेच सांगत आलो होतो. धडधाकट झाड अळीला पुरून उरतं. ती शिरली तरी झाड जखम भरून काढतं आणि अळी आतच मरते. झाड आधी तहानलेलं आणि तापलेलं असावं लागतं, मगच भुंग्याचं फावतं. भूर्जाची बहुतेक मुळं वरच्या दीड फुटात पसरलेली असतात. रानात त्या दीड फुटावर पाचोळ्याची गादी असते, आजूबाजूच्या झाडांची सावली असते, बर्फ वितळून जिरलेला ओलावा असतो. इथे त्याच मुळांवर हिरवळ. गवत पाणी पिऊन टाकणार, पडलेली पानं माणसं झाडून नेणार, वर दुपारचं सरळ ऊन आणि दोन्ही बाजूंनी तापलेलं काँक्रीट नि डांबर. पाणी रोज मिळत होतं, पण फवाऱ्याचं, दहा मिनिटं. त्याने गवत ओलं होतं. बोटभर खाली सगळं कोरडं. मी खुरपं घालून स्वतः पाहिलं.

भुंगा नंतर आला. झाड त्याच्या आधीच, लावलं त्या दिवशी, जागेमुळे हरलं होतं. ज्या कुणी लावलं त्याला दारातून पांढरं खोड दिसायला हवं होतं, आणि ते दिसतही होतं. मुळं कुठे बसणार, हे मात्र त्याने पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये झाड पाडलं. अर्ध्या दिवसाचं काम. लाकूड तिथेच यंत्रात घालून त्याचा चुरा केला, कारण ओंडके तसेच ठेवले तर आतले भुंगे पुढच्या वसंतात बाहेर येतात. सई शाळेतून आली आणि दारात उभी राहून रडली. तिला मी शब्द दिला की परत जाण्याआधी तुझ्यासाठी एक लावून जाईन.

मग मी तीन महिने सावली पाहिली. सकाळी नऊ, दुपारी बारा, चार वाजता, अशी अंगणात जिथे जिथे घराची सावली पोचते तिथे सई खडे मांडायची. जून, जुलै, ऑगस्ट. शेवटी घराच्या ईशान्येचा कोपरा नक्की झाला, भिंतीपासून वीस फूट. सकाळचं ऊन पूर्ण. दुपार कलली की जमिनीवर घराची सावली येते, पण झाड वाढलं की शेंडा सावलीच्या वर राहणार. भूर्जाला असंच लागतं, डोक्याला ऊन आणि पायाला गारवा. दारातून हा कोपरा दिसत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. लेकीला हे पटायला थोडा वेळ लागला.

मातीही तपासून घेतली. सामू, म्हणजे माती किती आम्ल किंवा किती अल्क आहे ते सांगणारा आकडा, आला ६.२. लातूर जिल्ह्यात काळ्या चुनखडीच्या रानांत आठ-साडेआठ पाहायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना तो आकडा नवाच वाटला. हा आकडा महत्त्वाचा का, ते ऊस लावणाऱ्यांना लगेच कळेल. चुनखड रानात उसाला केवडा पडतो. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. आपण हिराकस आणि शेणखत देऊन तोड काढतो. भूर्जाचं अगदी तसंच आहे. सामू साडेसहाच्या वर गेला की पानांवर केवडा दिसायला लागतो. मग आपल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात त्याचं काय होत असेल? कुंडीच्या काठावरचा तो पांढरा थर मी उगाच सांगितला नाही.

आता कोणता भूर्ज लावायचा? लेकीला पांढराच हवा होता. रोपवाटिकेत सर्वांत शुभ्र खोडाचा जो भूर्ज होता, त्याच्या पाटीवर 'हिमालयन बर्च' असं लिहिलेलं. म्हणजे आपला भोजबासाचाच, त्याचा पश्चिम हिमालयातला प्रकार. जाक्माँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलेलं आहे. हा माणूस हिमालयभर फिरला आणि १८३२ साली मुंबईत वारला. आपल्याकडचं झाड परदेशात भेटल्यावर मला केवढा आनंद झाला! दहा मिनिटं मी त्या रोपापाशीच उभा होतो. पण तेच रोप घेऊ नका म्हणून मीच सांगितलं. तो भुंगा अमेरिकेतला. तिथले भूर्ज त्याच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या वाढले, म्हणून थोडीफार झुंज देतात. आशिया-युरोपातल्या भूर्जांची त्याच्याशी ओळखच नाही, ते फार लवकर जातात. शेवटी घेतला रिव्हर बर्च, नदीकाठचा भूर्ज. त्याला हा भुंगा सहसा त्रास देत नाही आणि भूर्जांमध्ये उन्हाळा सोसण्यात तो सर्वांत चिवट. साल पांढरी नसते. बदामी, गुलाबीसर, आणि जुन्या वहीच्या पानांसारखी सुटून लोंबते. लेक आधी हिरमुसली. मग तिने सालीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हाच घेऊ."

सप्टेंबरच्या मध्यात लावला. त्या दिवसाचा तपशील लिहितो, कारण हे कोणत्याही झाडाला लागू पडतं आणि आपल्याकडे हजारो रोपं याच चुकांनी जातात. खड्डा मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल घेतला, रुंद मात्र अडीचपट. आपल्याकडे तीन फूट खोल खणून रोप आत उतरवतात. मग माती बसते, रोप खाली जातं, खोडाचा बुंधा मातीत गाडला जातो आणि तिथे साल कुजते. बुंधा जिथे पसरून मुळांत शिरतो ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं चाकूने उभी चिरून मोकळी केली. जावईबापूंचा जीव कासावीस झाला. "मुळं कापायची?" मी म्हटलं, आज नाही कापली तर पंधरा वर्षांनी हीच मुळं खोडाला फास लावतील. निघालेली तीच माती परत भरली. खत घातलं नाही, कारण नव्या झाडाला आधी मुळं पसरू द्यायची असतात. सभोवती चार-चार फूट गवत काढलं आणि लाकडाच्या ढलप्यांचा चार बोटं जाड थर दिला. खोडापासून वीतभर जागा उघडी ठेवली. आच्छादन खोडाला टेकवू नका. ओल धरते आणि साल सडते.

पाणी कसं द्यायचं हे मी सईला शिकवलं, घरात कुणाला सांगितलं नाही. नळी बुंध्यापासून हातभर लांब ठेवायची, धार करंगळीहून बारीक, आणि जागा बदलत बदलत तास-दीड तास. आठवड्यातून एकदा, फार कोरडं असेल तर दोनदा. देण्याआधी ढलप्या बाजूला करून बोट घालून पाहायचं. ओल असेल तर नळी परत ठेवायची. वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशी मातीतली बेताची ओल, हा शब्द तिला इंग्रजीत कसा सांगावा ते लेकीलाही सुचेना. तेव्हा ती तोच शब्द शिकली. आता फोनवर म्हणते, "आबा, आज वाफसा आहे."

छाटणीचं एक पथ्य कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून आलो. भूर्जाला वसंताच्या तोंडावर कापलं की रस नळासारखा गळतो. आणि मे ते जुलै भुंग्याचे दिवस, ताज्या जखमांचा वास त्याला बोलावतो. त्यामुळे कात्री लावायची ती पानगळीनंतर, आणि तीही मोजकीच. दुसरं पथ्य सईसाठी होतं. लोंबणारी साल ओढायची नाही. आपोआप खाली पडलेली तुझी, झाडावरची झाडाची. जिवंत थरापर्यंत साल निघाली तर तिथे काळा व्रण राहतो तो कायमचा. तिने पडलेल्या तुकड्यांचा डबा केला आहे. एका तुकड्यावर पेन्सिलीने माझं नाव मराठीत लिहून मला कॅमेऱ्यात दाखवलं. 'आबा'मधला कानाही नीट दिला होता.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही लातूरला परत आलो. फाटक उघडलं आणि समोर आमचा कडुनिंब. घर बांधलं २००९ला. तेव्हा अंगणभर पेव्हर ब्लॉक टाकून घेतले. कडुनिंबाला दोन फुटांचं चौकोनी आळं ठेवलं होतं, तेही पुढे सिमेंटच्या कठड्याने बांधून घेतलं. २०१६च्या टंचाईत, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात, आमच्या आळीतली कितीतरी शोभेची झाडं वाळली. हा कडुनिंब टिकला. तेव्हापासून मी धरून चाललो होतो की याला काही लागत नाही. पण त्या दिवशी पिशव्या खाली ठेवायच्या आधी मी वर पाहिलं. शेंड्याच्या तीन फांद्यांवर पानं विरळ होती. चार महिने ज्या दीड फुटाबद्दल मी परक्या देशात बोलत होतो, त्याच दीड फुटावर इथे मी स्वतः सिमेंट ठेवलं होतं.

कडुनिंबाची मुळं भूर्जापेक्षा खोल जातात हे खरं. पण पाणी आणि हवा वरूनच आत जाते, आणि मेच्या दुपारी आमच्या पेव्हरवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. दिवाळी झाल्यावर बुंध्याभोवतीचे बारा बाय बारा फुटांचे ब्लॉक काढायचं ठरवलं. घरातून विरोध झाला, आणि तो रास्त होता. "पावसाळ्यात सगळा चिखल घरात येईल, पुसायचं कुणी?" मग फाटकापासून ओट्यापर्यंत शहाबादी फरशीचे तुकडे सुटे सुटे अंथरून पायवाट केली. बाकीची जमीन हलकी उकरली. मुळं तुटू नयेत म्हणून टिकाव वापरला नाही, खुरप्यानेच काम केलं, चार दिवस लागले. मग गावाकडून दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाचं पाचट आणि सोयाबीनची गुळी आणून पसरली. आपल्याकडे आच्छादनाला वाळवीचं भय असतं, म्हणून खोडापासून दोन वीत जागा मोकळी ठेवली आणि महिन्यातून एकदा काठीने पाचट उलटून पाहतो. धुण्याचं साबणाचं पाणी देत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं, पाण्याच्या मशिनीतून वाया जाणारं, ते सगळं पिंपात साठवून आठवड्यातून एकदा सावकाश सोडतो. मशिनीचं पाणी क्षाराचं असतं, म्हणून एकटं कधी देत नाही.

या एप्रिलमध्ये, पारा ४१वर असताना, पाणी देऊन सहा दिवस झाले होते. पाचट बाजूला करून हात घातला. माती गार होती. मूठ वळली, लाडू झाला, बोटाने दाबल्यावर फुटला. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तोच. शेंड्याच्या तीनपैकी दोन फांद्या यंदा भरून आल्या. तिसरी वाळली, ती उतरवली.

ज्यांना दारात पांढरं खोडच हवं आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे कांडोळ आहे. कुणी पांढरूख म्हणतं, कुणी भुत्या, कारण पानं झडल्यावर चांदण्यात ते रानात भुतासारखं उभं दिसतं. किनवटच्या जंगलात, अजिंठ्याच्या डोंगरात, जिथे खडकाच्या फटीत मूठभर माती असते तिथे ते वाढतं. साल चमकदार, फिकट पांढरी, आणि तिचेही कागदासारखे पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यात एक पान नसतं, आणि आपल्या उन्हाळ्याशी जुळवून घ्यायची त्याची हीच रीत आहे. भूर्ज कडाक्याच्या थंडीत झोपतो. ती झोप पूर्ण झाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत, आणि आपला हिवाळा त्याला ती झोप देऊ शकत नाही. कांडोळ उन्हाळ्यात झोपतो. त्याला काळी चिकण माती नको, मुरूम हवा, पाणी साचायला नको. एक जपायचं. त्याच्या लाल मखमली फळांवर बारीक कुसळं असतात, ती टोचतात, म्हणून लहान मुलांच्या वाटेत लावू नका. घराजवळ ओढा किंवा विहीर असेल, ओल टिकत असेल, तर अर्जुन लावा. त्याचीही साल फिकट, गुळगुळीत, ढलप्यांनी सुटणारी.

मी वनविभागाच्या रोपवाटिकेतून कांडोळाची दोन रोपं आणली आहेत. एक माझ्या दारात, आग्नेयेला, मुरमाच्या ढिगावर. दुसरं त्या कुंडीवाल्याला दिलं. मागच्या आठवड्यात मृगाचा एक चांगला पाऊस झाला, त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ते त्याच्या प्लॉटवर लावलं. बुंधा वर, माती तीच, खत नाही.

त्याच रात्री सईचा फोन आला. तिकडे सकाळ होती आणि तिचा भूर्ज आता तिच्या बापाच्या दुप्पट उंच झाला आहे. ती खिडकीतून उतरून, म्हणजे खुर्चीवर चढून खिडकीबाहेर उडी मारून (हे तिच्या आईला आवडत नाही) झाडापाशी गेली. मी म्हटलं, एक पान कॅमेऱ्याजवळ धर, उजेडासमोर. तिने धरलं. आधी नुसता हिरवा ढग दिसला, मग कॅमेरा स्थिर झाला.

"शिरा कशा आहेत?"

"हिरव्या."

"आणि मधलं पान?"

तिने डोळे बारीक करून पाहिलं, पान उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"ते पण हिरवं, आबा. केवडा नाही."